ग्रहणात अडकलेले डोळे

तुम्ही कधी मेलेल्या माणसाला ग्रहण सुटायची वाट बघत पडलेलं पाहिलंय का?

आमच्या घरानं पाहिलंय. माणूस म्हणजे आमचे मोठेबाबा, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. गाव आमगाव. ग्रहण दोन हजार दहाच्या जानेवारीतलं, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीचं. त्या दिवशी सूर्याला चंद्रानं अडवलं ते निसर्गनियमानं. मोठेबाबांच्या डोळ्यांना अडवलं ते मी. हसू आलं तर हसा. आमच्याकडं मयताच्या घरीही हसतात, फक्त पदर तोंडाला लावून.

आधी मोठेबाबा कोण ते सांगायला हवं. दरेकशाच्या स्टेशनावर त्यांनी जन्मभर पॉइंट्समनची नोकरी केली. डोंगर, जंगल, बोगदा आणि वर भरपूर आकाश. गाडी गेली की दुसरी येईपर्यंत करायचं काय? हा माणूस वर बघायचा. त्यामुळं आमच्या घरात कुणालाच कुणाची जन्मतारीख पाठ नाही. सगळा हिशेब आकाशावरून.

छप्पन साली आमचं घर बौद्ध झालं. पुढच्या वर्षी माझे बाबा जन्मले, आणि त्याच महिन्यात रशियानं पहिला उपग्रह सोडला. घरात वाचता येणारे एकटे मोठेबाबा, त्यामुळं नाव ठेवायचा मान त्यांचा. बाबा शाळेत सिद्धार्थ आणि घरात स्पुतनिक! आजही आमगावच्या बाजारात कुणी "ओ स्पुतनिकभाऊ, वांगे घेऊन जा ना!" अशी हाक मारतं आणि माझा बाप वळून बघतो. मोठेबाबांना मुलगा झाला तेव्हा भारताचा पहिला उपग्रह वर गेला होता. म्हणून मुलगा आर्यभट. तो मोठा होऊन काहीतरी आकाशात सोडेल अशी आशा होती. आर्यभट आमगाव-गोंदिया ऑटो चालवतो. ("तोही कक्षेतच फिरते," मोठेबाबा म्हणायचे. "जाते तिथंच वापस येते.") आणि मी रोहिणी. नक्षत्रावरून नव्हे, उपग्रहावरून. पहिली रोहिणी समुद्रात पडली होती, हेही मला परीक्षेचा निकाल लागला की दरवर्षी ऐकवण्यात यायचं.

माझी आई मी चालायला लागायच्या आधीच गेली. मला वाढवलं मोठी आईनं, म्हणजे मोठेबाबांच्या बायकोनं. तिचा आकाशावर विश्वास नव्हता. अमेरिकेची ती अंतराळातली प्रयोगशाळा खाली कोसळणार म्हणून एकोणऐंशी साली गावोगाव लोकांनी कोंबड्या कापून खाल्ल्या (मरायचंच आहे, तर निदान रस्सा पिऊन!). तेव्हा मोठेबाबा चौकात उभे राहून सांगत होते, "अरे बावांनो, पृथ्वी केवढी, आपलं गाव केवढं! आपल्याच डोक्यावर कायले पडंल ते?" हे भाषण चालू असताना मोठी आई मागून आली आणि तिनं त्यांच्या डोक्यावर भात शिजवायचा गंज पालथा घातला. "बोला तुमी," ती म्हणाली, "पन झाकून बोला." पुढचं भाषण त्यांनी गंजातूनच केलं. लोक म्हणतात, आवाज फार घुमला.

आणि प्लुटो! दोन हजार सहा साली शास्त्रज्ञांनी प्लुटोला ग्रहांच्या यादीतून काढलं, त्या दिवशी मोठेबाबा ताटावरून उठले. मी समजावलं, "मोठेबाबा, शास्त्रीय व्याख्या बदलली फक्त." त्यांनी हात धुतले. मग म्हणाले, "लहान हाये, गावाबाहेर राहते, म्हनून पंगतीतून उठवलं. मले व्याख्या नको सांगू पोरी. मी पंगती पाह्यल्या हायेत." 

एवढं सगळं बघून झालं, पण एक राहिलं होतं. सूर्यग्रहण. नव्याण्णवच्या ऑगस्टमध्ये त्यांनी मला हाताला धरून टेकडीवर नेलं होतं. ढगांनी सूर्यच गिळला. दहा वर्षांनी, दोन हजार नऊच्या जुलैत, पुन्हा तयारी. पुन्हा ढग, वर पाऊस. मोठी आई म्हणाली, "वरच्याले तुमचं तोंड पाहाचं नाई, तुमी कायले त्याचं पाहता?" आणि मग सहाच महिन्यांनी हे जानेवारीतलं. भर दुपारी. हिवाळ्याचं स्वच्छ, निळं, धुतलेलं आकाश! मोठेबाबा बुटाच्या खोक्याला भोक पाडून तयारच होते. खोक्यातल्या कागदावर सूर्याचं चित्र पडतं, ते पाठ सूर्याकडं करून बघायचं. 

आता माझी पाळी.

मी पत्रकांवर वाढले. आमच्या घरी वह्यांना कव्हर पत्रकांचं, कपाटात खाली अंथरलेली पत्रकं, आणि मी वाचायला शिकले तेही मोर्च्याच्या पत्रकावर. त्यामुळं सव्विसाव्या वर्षी माझी ठाम समजूत होती, की जग बदलत नाही याचं एकमेव कारण म्हणजे त्याला अजून नीट पत्रक मिळालेलं नाही. आमच्या प्रबोधन मंडळानं ठरवलं की ग्रहणाची अंधश्रद्धा मोडून काढायची. लोकांनी अंगणात यायचं, काळा चष्मा लावून ग्रहण बघायचं, बघता बघता चहा-भजी खायची. पत्रक मी लिहिलं. मथळा असा होता:

"सावधान! एक नजर, जन्मभराचा अंधार!"

त्याखाली, बारीक टायपात: चष्मा लावून सर्वांनी बाहेर या, काही होत नाही, स्वयंपाक करा, जेवा, गरोदर बायांना कोंडू नका, वगैरे.

मोठेबाबांनी पत्रक हातात धरून दूर नेलं, जवळ आणलं. "पोरी, वरचं वाचून मानूस पळून जाईन. खालचं कोन वाचन?"

"मोठेबाबा, पत्रकाची पहिली ओळ थप्पड असली पाहिजे!"

"थप्पड खाल्लेला मानूस दुसरी ओळ वाचाले थांबते का व?"

मी हसले. म्हाताऱ्यांना प्रचाराचं तंत्र काय कळतं! आमगावपासून गोंदियापर्यंत दुकानं, पानठेले, दवाखाने, बसस्टँड, आम्ही भिंत म्हणून सोडली नाही.

ग्रहणाच्या दिवशी सकाळी मोठेबाबा अंगणात आंब्याखाली बाजेवर बसले. खोकं मांडीवर. मोठी आईनं चहा दिला. त्यांनी अर्धा प्याला, खोकं एकदा डोळ्यांपुढं धरून पाहिलं, म्हणाले, "आज ढग नाई." आणि बाजेवर आडवे झाले. आम्हाला वाटलं, दुपारसाठी डोळ्यांना आराम देऊन राहिले. दहाच्या सुमारास कप उचलायला म्हणून मोठी आई गेली तर उरलेला चहा तसाच, आणि माणूस नाही.

ग्रहण लागायला तास-दीड तास होता.

गल्लीतल्या डॉक्टरांनी नाडी बघितली, मान हलवली, आणि घड्याळ बघत लगबगीनं घरी गेले. मोठी आई रडली नाही. ती बाजेजवळ खाली बसली आणि तिनं पहिलं वाक्य उच्चारलं ते हे: "रोहिनी, डोऱ्यांचं कर."

कारण मोठेबाबांनी नेत्रदान लिहून दिलं होतं. नुसतं लिहून नव्हे, ते घरात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. दूधवाल्यालाही. "बाकी सारं जाळा, पन डोरे जाळू नका. अजून पुष्कळ पाहाचं हाये त्यायले." मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, हेही घरात सगळ्यांना पाठ होतं. बाबांनी आणि आर्यभटानं त्यांना आत नेऊन निजवलं. बाबांनी पंखा बंद केला, पापण्या मिटवल्या, डोक्याखाली उशा दिल्या, पापण्यांवर ओला कापूस ठेवला. मी गोंदियाच्या नेत्र दवाखान्यात फोन लावला. धर्मादाय दवाखाना, एक डॉक्टरीण, एक जीप, एक ड्रायव्हर.

"हां मॅडम, आयेंगे," पलीकडून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लेकिन मेरा ड्राइवर गाडी नहीं निकाल रहा. बोलता है ग्रहण छूटने के बाद, गाडी धोके, नहाके, फिर निकलेगा."

मी हिशेब केला. ग्रहण सुटणार तीन वाजून गेल्यावर. मग जीपची आंघोळ, मग ड्रायव्हरची आंघोळ, मग पंचवीस-तीस किलोमीटर रस्ता. चार तर वाजणारच. डोळे गेले!

माझ्या अंगातलं सगळं साहित्य पेटून उठलं. अंधश्रद्धा! एका मेलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या आड आलेली, हजारो वर्षांची, सडकी, पोथीनिष्ठ...

"भाषन नंतर," मोठी आई म्हणाली. "शेजारच्यायले बलाव. कोनाची तं गाडी असंल."

मी गल्लीत आले. एक दार उघडं नाही. मयताची खबर लागली की एरवी आमच्या गल्लीत उभं राहायला जागा नसते. आज कुत्रंही नाही. मी शेजारच्या कांतामावशींची खिडकी वाजवली. फट उघडली.

"मावशी, मोठेबाबा गेले."

"अरे बाप्पा!" आतून हुंदका आला, खराखुरा. "देवमानूस होता व! गिरहान सुटलं का येतो लगेच."

"मावशी, तुम्ही बौद्ध ना? तुम्ही ग्रहण पाळता?"

"बौद्ध हावो म्हनून काय आंधरे होऊ?" खिडकी आणखी बारीक झाली. "राहू-केतूले कोन भेते! तुयाच पत्रकात लिवलं हाये ना, एक नजर, जन्मभराचा अंधार? आमच्या घरचे तं सकारपासून पलंगाखाली बसून हायेत!"

"मावशी, खालचं नाही का वाचलं?"

"वरचं वाचून चष्मा पडला, तो आताशी सापडला!"

मी पुढच्या घरी गेले. तिथंही तेच. त्याच्या पुढच्या घरी दाराच्या फटीत आतून चादर कोंबली होती. पूर्वी आमच्या वस्तीत ग्रहण निम्मे लोक पाळत, तेही चोरून. (मोठी आईचा गॅस दर ग्रहणाला नेमका संपायचा आणि सुटलं की आपोआप भरायचा.) मी विज्ञानाच्या जोरावर ते शंभर टक्क्यांवर नेलं होतं.

उरला आर्यभट. तो रडत होता. बाप गेला होता त्याचा. तरी ऑटोची चावी घेऊन उठला. "चाल रोहिनी, डॉक्टरनीले आपनच घेऊन येऊ."

माझा ऊर भरून आला. मग त्यानं खिशातून आमच्या मंडळाचा ग्रहणाचा चष्मा काढला आणि डोळ्यांवर चढवला.

आता हा चष्मा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. त्यातून सूर्य दिसतो. फक्त सूर्य. बाकी सगळं जग, म्हैस, ट्रक, पूल, शेजारी बसलेली बहीण, ठार काळं. 

"आर्याभाऊ, तो काढ! रस्ता कसा दिसेल?"

"तूच म्हनते ना, बिनाचष्म्याचं बाहेर पडू नका?"

"सूर्याकडं बघू नका, असं म्हणते!"

"उजेड त्याचाच हाये ना?"

तडजोड झाली ती अशी, की चष्मा कपाळावर ठेवायचा. आम्ही निघालो. रस्ता रिकामा. धानाचे मोकळे बांध, कुठं मळणी नाही, कुठं बैल नाही. ग्रहण लागलं होतं आणि ऊन पातळ व्हायला लागलं होतं, दुपारी बारा-एकलाच कुणीतरी कंदिलाची वात खाली केल्यासारखं. आर्यभटाला ते जाणवलं. तो घाबरला. आणि घाबरून त्यानं कपाळावरचा चष्मा खाली ओढला.

पुढं काय झालं ते आम्हा दोघांनाही दिसलं नाही. त्याला चष्म्यामुळं. मला डोळे मिटल्यामुळं. धानाच्या पेंढ्या रचून ठेवलेला एक उंच पुंजना खळ्यात उभा होता, त्यात ऑटो समोरच्या चाकासकट शिरला. मऊ लागलं. क्षणभर मला वाटलं, मरण असंच मऊ असतं, मोठेबाबांनाही असंच लागलं असेल. मग आर्यभट आतून ओरडला, "रोहिनी, पुरं गिरहान लागलं व! काईच दिसून नाई राहिलं!"

पेंढ्या उपसून बाहेर आलो. ऑटोचा दिवा गेला होता. दोघांचे चष्मे चिरडले होते. खळ्याचा मालक जवळच्या झोपडीत होता. त्यानं दाराआडूनच शिव्या दिल्या, बाहेर तोही आला नाही. पुढचा सगळा रस्ता आर्यभटानं एक डोळा मिटून ऑटो चालवला.

"हे काय आता?"

"एक तरी वाचंल."

दवाखान्याच्या फाटकावर पोचलो. फाटक बंद. फाटकावर पत्रक. माझंच! डोळ्यांच्या दवाखान्याच्या फाटकावर मीच स्वतःच्या हातानं, खळ लावून, चारही कोपरे घट्ट दाबून चिकटवलेलं.

ड्रायव्हर लल्लनभैया जीपमध्ये काचा वर करून, तोंडावर गमछा घेऊन बसले होते. मी काच वाजवली. गमछ्यातून एक डोळा उघडला.

"भैया, चलो! आदमी की आँखें जा रही हैं!"

"इसीलिए तो नहीं जा रहा," लल्लनभैया म्हणाले. "मेरी भी जायेंगी. पर्चा पढ़ो सामने."

"वो पर्चा मैंने लिखा है!"

गमछा पूर्ण खाली आला. त्यांनी मला आदरानं नमस्कार केला. "आपने लिखा? तो फिर सच ही होगा. आप तो पढ़ी-लिखी हो."

मी फाटकाकडं धावले आणि पत्रक ओरबाडलं. निघेना! खळ चांगली होती, आमचं मंडळ त्या बाबतीत प्रामाणिक. नखांनी खरवडत मी ओरडत होते, "खोटं आहे! खोटं नाही, खरं आहे, पण अर्धं आहे! खालचं वाचा! नीचे का पढ़ो!" डॉक्टरीणबाई बर्फाचा डबा घेऊन पायरीवर आल्या होत्या. त्यांना वाटलं मयताच्या घरचं कुणीतरी दुःखानं वेडं झालंय. त्या येऊन हळुवारपणे म्हणाल्या, "पानी लाऊँ बेटा?"

"दीदी," लल्लनभैया समजुतीनं म्हणाले, "नीचे का कौन पढ़ता है?"

शेवटी आर्यभट पुढं झाला. जन्मात पहिल्यांदा माझा हा भाऊ पत्रकाशिवाय, माझ्याशिवाय, सरळ बोलला. "भैया, मेरा बाप मर गया है. सूरज ऊपर है. सड़क नीचे है. आप नीचे देखो. बस."

लल्लनभैयांनी गमछा गळ्यात टाकला. "नीचे देखूँगा. लेकिन आईना? आईने में सूरज आ गया तो?"

शंका बिनतोड होती! मी माझी ओढणी काढून आतल्या आरशाला गुंडाळली. बाहेरचे दोन्ही आरसे मिटले. लल्लनभैयांनी गाडी सुरू केली, समोर फाटक असल्यामुळं मागं घेतली, आणि आरसा नसल्यामुळं मागं उभा असलेला आर्यभटाचा ऑटो नालीत लोटला.

"माहा ऑटो!"

"अभी नीचे देख रहा था," लल्लनभैया म्हणाले. "पीछे का बोला नहीं था किसी ने."

आम्ही आमगावला पोचलो तेव्हा वेळ उरली होती. फार नाही, पण होती. मोठी आई त्यांच्याजवळून उठली नव्हती. कापूस सुकला की ओला करत होती. बाबा बाजूला. डॉक्टरीणबाईंनी हातमोजे घातले. मोठी आईनं त्यांचा हात धरला.

"बाई, दुखन का त्यायले?"

डॉक्टरीणबाईंना मराठी पुरतं कळत नसावं, पण हे कळलं. "नहीं अम्मा."

"मंग घ्या," मोठी आई म्हणाली. "पन हळू घ्या."

ती तिथंच बसून राहिली. मला बसवेना. मी अंगणात आले.

आंब्याखालच्या जमिनीवर शेकडो सूर्य पडले होते. पानांच्या फटीफटीतून येणारा प्रत्येक कवडसा एका बाजूनं कुरतडलेला, कुणी चावा घेतलेल्या इवल्या भाकरी अंगणभर मांडून ठेवल्यासारखे. बाजेवर, उष्ट्या कपावर, माझ्या पायांवर, सगळीकडं ग्रहण. हेच ते, ज्याच्यासाठी मोठेबाबांनी दहा वर्षं वाट पाहिली होती, आणि त्यांच्या अंगणात आपण होऊन येऊन पसरलं होतं. खाली मान घालून बघायचं, बस. एवढंच करायचं होतं.

मी वर बघितलं.

मला वाटलं, एकदा त्यांच्या वतीनं बघावं. चष्मा फुटला होता. डोळ्यांत पाणी उभं होतं. ते गाळणीचं काम करेल, असा एक शास्त्रीय विचारही मनात येऊन गेला. मी बघत राहिले. बराच वेळ. 

संध्याकाळी आम्ही मोठेबाबांना घेऊन गेलो. ग्रहण सुटलं होतं, गल्लीतले सगळे आले होते, न्हाऊन-धुऊन, ओल्या केसांनी. कांतामावशी सगळ्यांत मोठ्यानं रडल्या. चितेच्या जाळाकडं मी बघत होते आणि जाळाच्या मधोमध मला एक काळा डाग दिसत होता. मला वाटलं, दुःख असं दिसत असेल.

दुःख नव्हतं ते. काही दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी माझ्या डोळ्यात उजेड टाकून बघितलं, आणि बघता बघता थांबल्या.

"आप वही पर्चेवाली हैं ना?"

मी मान हलवली.

त्यांनी हसू दाबायचा प्रामाणिक प्रयत्न केला. मग गंभीर झाल्या. उजव्या डोळ्याचा पडदा मधोमध भाजला होता. मी विचारलं, मोठेबाबांसारख्या कुणाचं बुबुळ बसवून काही उपयोग? त्या म्हणाल्या, बुबुळ तुमचं ठणठणीत आहे, जळालं ते मागं. त्याला औषध नाही. मोठेबाबांची बुबुळं दोन माणसांना बसली होती. कुणाला, ते सांगत नाहीत. दोन हजार चौदा साली आपलं यान मंगळाभोवती पोचलं, तेव्हा मोठी आई सकाळपासून टीव्हीपुढं बसली होती. तिचा अजूनही आकाशावर विश्वास नाही. मी विचारलं, कशाला बसलीस? म्हणाली, "त्यायचे डोरे कुठं ना कुठं पाहूनच राहिले असतीन. मंग त्यायच्यासंगं नको का बसाले?"

मी तिच्या शेजारी बसले. डावा डोळा मिटून बघितलं, तर मंगळ मला दिसला नाही. उजव्या डोळ्यानं मी ज्याच्याकडं सरळ बघते, नेमकं तेच दिसत नाही. आजूबाजूचं सगळं लख्ख. मंडळातले म्हणतात, तुझं आधीही असंच होतं.

मीसुद्धा नेत्रदान ठरवलं आहे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, चालेल, बुबुळ उत्तम आहे. म्हणजे माझ्या डोळ्यांनी कुणीतरी माझ्यापेक्षा नीट बघणार आहे, फक्त त्यासाठी मी मरायला हवं. तुमच्याकडं एकच मागणं आहे. तुमचेही डोळे द्या, आणि आज जेवायला बसाल तेव्हा ताटावरच्या प्रत्येकाला हे मोठ्यानं सांगा: मी गेले, मी गेलो, की आधी डोळ्यांचं करा, मग रडा. तोंडानंच सांगा. छापून भिंतीला लावू नका.